सोड, पुढं चाल

आमच्या स्टाफरूममध्ये हिवाळाभर अगरबत्तीचा वास असायचा. नव्या माणसाला वाटायचं, इथे कोणीतरी फार देवभोळं आहे. मलाही तसंच वाटलं होतं. मी या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलाशी एक उंच, वाळके गृहस्थ पेटती अगरबत्ती हातात धरून मान खाली घालून बसले होते. पूजा आटोपू द्यावी म्हणून मी दारातच थांबले. जरा वेळाने नीट पाहिलं, तर ते साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला अगरबत्तीने भोकं पाडत होते. एक भोक पाडायचं, फुंकर मारायची, राख बोटाने झटकायची, की दुसरं.

"देवाले नाई मॅडम," मान वर न करता ते म्हणाले. "पोट्ट्यायचे पेपर तपासाले. या, बसा."

हे इंगोले सर. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित शिकवायचे. मूळचे रिठदचे, पण नोकरीमुळे शेलूबाजारला हायवेच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. आमची शाळा तिथून जवळच्याच गावात. मी वाशिमहून शेलूबाजारला जीप बदलून यायचे, सर सायकलने.

पुठ्ठ्याचा प्रकार त्यांनी मला त्याच दिवशी समजावून सांगितला. पर्यायांच्या परीक्षेत मुलांना उत्तर लिहायचं नसतं. उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाची एक ओळ असते, ओळीत चार गोल, त्यातला बरोबर वाटेल तो काळ्या पेनने भरायचा. सरांच्या पुठ्ठ्याला बरोबर उत्तरांच्या जागी भोकं असत. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवला की भोकातून काळं दिसेल ते बरोबर, पांढरं दिसेल ते चूक. काळी भोकं मोजायची की झाले मार्क. "मशीन नागपूरले, आपल्याकडं अगरबत्ती," असं ते म्हणायचे. त्यात गंमत असावी, पण चेहऱ्यावर कधी दिसली नाही.

ही सगळी खटपट एका परीक्षेसाठी होती. नागपूरकडची एक संस्था दर हिवाळ्यात बारावीच्या मुलांची परीक्षा घ्यायची. जिल्ह्यातून वरच्या मोजक्या मुलांना तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळी वर्षं फुकट. फी तर माफच, शिवाय वसतिगृह आणि मेसही माफ. फी माफीच्या दुसऱ्या वाटा होत्या, नाही असं नाही. पण पोरगं शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय, हे त्यात कोणी बघत नव्हतं. आमच्याकडच्या घरांमध्ये गाडी तिथेच अडायची. म्हणून सर रोज शाळेच्या आधी, सकाळी सकाळी मुलांना बोलवायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याबद्दल कोणी दोन शब्द चांगले बोलायला गेलं तर विषय बदलायचे.

सरांचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. मुलांना प्रश्न सोडवायला शिकवणारे पुष्कळ असतात. सर त्यांना प्रश्न टाकून द्यायला शिकवायचे. एका प्रश्नाला एक मिनिट. मिनिट झालं की ते जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चमचा मारायचे, ठण्ण. उत्तर आलं असो की नसो, पुढच्या प्रश्नावर जायचं. "सोड, पुढं चाल. राह्यलेलं शेवटी, टाइम उरला तं." हे वाक्य मी माझ्या वर्गात बसून भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की एकदा कविता शिकवताना माझ्याच तोंडून निघून गेलं. मुलं हसली. कविता तशी सोडण्यासारखीच होती.

गंमत म्हणजे हा माणूस जगायचाही तसाच. मीटिंगला सगळे वाशिमला निघालो आणि जीप वेळेवर आली नाही, की आम्ही स्टँडवर उभे राहून ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढायचो. सर तोवर चालत पुढच्या फाट्यावर पोचलेले असायचे. मुख्याध्यापकांशी वाद झाला आणि तो तिसऱ्या वाक्याला मिटला नाही, तर सर "बरं" म्हणून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुख्याध्यापकांना चहा पाजायचे. रिठदला वडिलांचं वावर होतं. भावाशी वाटणीवरून कुरबूर सुरू झाली, नातेवाइकांची बैठक बसली. सर त्या बैठकीतून पाणी प्यायला म्हणून उठले ते थेट शेलूबाजारला परत आले. सगळं वावर भावाला.

"असं कसं सोडलंत सर?" मी न राहवून विचारलं होतं.

"सुटतच नव्हतं मॅडम. त्याच्यात बसलो असतो तं बाकीचे पेपर राह्यले असते."

त्यांच्या पत्नीला, शोभाताईंना, हे तत्त्वज्ञान जवळून माहीत होतं. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले तेव्हा त्या मला वाण देता देता म्हणाल्या, "मॅडम, हे सारे म्हनतेत सर लय शांत हायत. यायनं सोडलेलं सारं माह्या बोकांडी बसते, ते कोनाले दिसत नाई." भावजयीचे फोन, सासऱ्यांची औषधं, घरमालकाची कटकट, सगळं त्यांच्याकडे. बोलताना त्या हसत होत्या, पण वाणाची वाटी जरा जोरातच माझ्या हातावर आदळली.

अशा माणसाच्या वर्गात कोमल खिल्लारे आली.

अकरावीची मुलगी. अंगाने किरकोळ, कपाळावर कायम आठी. वडील सोयाबीनच्या हंगामात हडंब्यावर, म्हणजे मळणीच्या मशीनवर, मजुरीला जायचे आणि बाकी वर्षभर मिळेल ते काम. कोमलला सगळं यायचं. फक्त सोडायला यायचं नाही. झाकणावर चमचा वाजला की वर्गातली सगळी पानं उलटायची आणि हिचं पान तसंच.

"कोमल, सोड."

"होऊन राह्यलं सर. एक पायरी राह्यली."

"सोड म्हणलं ना."

"होते सर."

शेवटी सर तिच्या बाकापाशी जाऊन स्वतःच्या हाताने तिचं पान उलटायचे. ती मान हलवायची आणि सर वळले की पान पुन्हा मागे. परिणाम असा की तिने केलेलं सगळं बरोबर असायचं आणि शेवटची दोन पानं कोरी असायची. सर स्टाफरूममध्ये येऊन डोकं धरायचे.

तिची सवय मोडावी म्हणून एकदा त्यांनी मुद्दाम सरावाच्या पेपरात पहिलाच प्रश्न खोटा घातला. चारपैकी एकही पर्याय बरोबर नव्हता. हुशार मुलांनी अंदाजे गोल काळा केला, बाकीच्यांनी सोडून दिला. कोमल सगळा तास त्याच्याशी भांडत बसली आणि वेळ संपल्यावर शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'सर, याचं उत्तर चौघांत नाही.' बाकी पेपर कोरा.

सरांनी तो पेपर मला आणून दाखवला. मी त्यांना मोठ्याने हसताना फार वेळा पाहिलेलं नाही, त्या दिवशी हसले. मग तिला बोलावून म्हणाले, "बरोबर हाय तुहं. पन शून्य." तिने शून्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग चूक तं तुमची झाली सर." सर म्हणाले, "हो. पन नागपूरले जाचं तुले हाय, मले नाई."

नागपूरला जायचं होतं हे खरंच. बारावीच्या सुरुवातीला तिचे वडील शाळेत आले होते. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "सर, सारं फुकट झालं तं माही ना नाई. राहनं-खानं धरून. पन अर्धं फुकट मले जमत नाई, खोटं कायले बोलू. मंग ते इथीच राहीन अन् जे जमन ते शिकन." वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतःला परवडेल तेवढंच सांगितलं आणि तेवढ्यावर तो ठाम होता. त्या दिवसापासून कोमलचं सगळं त्या एका पेपरावर येऊन थांबलं, आणि हे तिला, सरांना आणि भिंतीपलीकडे मलाही ठाऊक होतं.

सरांनी तिच्या मागे लागायचं सोडलं नाही. त्यांनी न सोडलेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट. तिच्या बाकाशेजारी उभं राहून चमचा वाजवायचे. तिच्या हातातून पेन काढून घ्यायचे. आणि परीक्षा महिन्याभरावर आली असताना एका सकाळी ती शेवटच्या पानापर्यंत पोचली. मधले चार-पाच प्रश्न तिने आपणहून टाकून दिले होते. सर त्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टँडवर जाऊन सगळ्या स्टाफसाठी भजी घेऊन आले. कागदावर तेल उमटलेलं, वर तळलेल्या मिरच्या. "कशाबद्दल सर?" सगळे विचारू लागले.

"पोरगी सोडाले शिकली," ते म्हणाले, आणि स्वतः एकही भजं न खाता पुठ्ठ्याला भोकं पाडायला बसले.

परीक्षा वाशिमला होती, रविवारी. मुली होत्या म्हणून सोबत मीही गेले. सरांचे त्या दिवसाचे नियम ठरलेले होते. जीपमध्ये अभ्यासाचं बोलायचं नाही. प्रत्येकाला दोन काळे पेन द्यायचे, आधी स्वतः चालवून पाहिलेले. आणि फाटकापाशी प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून तेच तीन शब्द. कोमलच्या पाठीवर थाप मारली तेव्हा ते काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "सोडतो सर, पुढं चालतो." आमच्याकडच्या मुली बोलताना सर्रास असं मुलांसारखं बोलतात.

पेपर सुटल्यावर ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली. कपाळावरची आठी नव्हती. "सर, सारा झाला. शेवटचा गोल काळा केला अन् घंटा झाली."

"किती सोडले?"

"एकच."

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी डोकं टेकून झोपली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि चक्क सोयाबीनच्या भावावर बोलत होते.

या परीक्षेत प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मुलांना घरी नेऊ देतात. सरांनी ती सगळी गोळा केली, घरी पेपर सोडवला आणि सोमवारी शाळेत येऊन पुठ्ठा तयार केला. मला पहिला तास नव्हता. मी वह्या तपासत होते, ते समोर बसून एकेकाची प्रत पुठ्ठ्याखाली घालत होते. कोमलची त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ताटातलं गोड शेवटी खातात तशी.

पुठ्ठा ठेवला. वरची सगळी भोकं काळी. सर बोटाने मोजत खाली आले आणि थांबले. तिथून खाली बहुतेक सगळी पांढरी.

त्यांनी पुठ्ठा उचलला, फुंकर मारली, उलटा तर नाही ना ते पाहिलं. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. मग प्रश्नपत्रिका उघडून स्वतःची उत्तरं तपासली. मी वह्या बाजूला सारल्या. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी तो पुठ्ठा हळूच एक ओळ वर सरकवला.

खालची जवळजवळ सगळी भोकं काळी झाली.

मला समजायला वेळ लागला. तिने अडतिसावा प्रश्न सोडला होता, पण उत्तरपत्रिकेवरची अडतिसावी ओळ सोडली नव्हती. एकोणचाळिसाव्याचं उत्तर अडतिसाव्या ओळीत, चाळिसाव्याचं एकोणचाळिसाव्या, असं शेवटपर्यंत. अगदी तळाची ओळ कोरी राहिली होती आणि तोवर घंटा झाली होती. ओळ कोरी ठेवायची असते हे सर मुलांना सांगत नसत असं नाही. पण रोजच्या सरावात मुलं वहीत प्रश्नाचा क्रमांक टाकून उत्तर लिहायची, तिथे ओळ चुकायचा प्रश्नच नव्हता. छापील उत्तरपत्रिका महाग, ती फक्त शनिवारी मिळायची. बाकीची मुलं वर्षभर शनिवारी ओळी सोडत आली होती, त्यांचा हात बसला होता. कोमल सोडायला शिकली तीच शेवटच्या महिन्यात, तिचा हात बसलाच नव्हता.

सर दोन्ही तळहात पुठ्ठ्यावर दाबून बसले. तास संपल्याची घंटा झाली. ते उठले, खडू घेतला आणि अकरावीवर गेले.

तास घेऊन परत आले तेव्हा अगरबत्ती जळून संपली होती. खुर्चीत बसत ते म्हणाले, "मॅडम, अडतिसावा पाह्यला काय? विहिरीतला दगड." आणि वाचूनच दाखवला. विहिरीत दगड सोडला, तो पाण्यावर पडल्याचा आवाज अमुक वेळाने वर ऐकू आला, तर विहीर किती खोल. "हे तिनं माह्यासमोर फळ्यावर केलतं. दोनदा. तिले झोपीत येते हे." मग म्हणाले, "काहून सोडलं असन?"

"विचारा ना तिलाच."

त्यांनी प्रश्नपत्रिकेची घडी केली. "जाऊ द्या," म्हणाले.

कोमलला मधल्या सुट्टीत बोलावलं. सरांनी पुठ्ठा आणि तिची कार्बन प्रत तिच्या हातात दिली. तिने पुठ्ठा प्रतीवर ठेवून स्वतःच वर सरकवला, खाली सरकवला, पुन्हा वर.

"म्हंजे सारे चूक?"

"सारे बरोबर हायत. मशीनले चूक दिसतीन."

"बरं सर," ती म्हणाली. मग पुठ्ठा टेबलावर ठेवून विचारलं, "जाऊ काय? केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल हाय." आणि गेली. मला वाटलं होतं ती रडेल. सर तरी काही बोलतील. मला स्वतःला रडू येईल म्हणून मी पदर सावरून तयार बसले होते. काही आलं नाही. आत कुणीतरी दिवा मालवून गेल्यासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या कोरडेपणाचीच भीती वाटली.

मुख्याध्यापकांनी संस्थेला फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणेच नियम सांगितला. कागदावर जिथे काळं आहे तिथेच ते आहे. त्याचं काही चुकलं नाही. चार दिवसांनी कोमलचे वडील आले, पुन्हा चपला काढून दारात. "लवकर समजलं हे बरं झालं. वसतिगृहासाठी लोखंडी पेटी पाहून ठेवली होती मी, आज सांगनारच होतो दुकानदाराले पाठव म्हनून. ते थांबवतो." आणि सरांना नमस्कार करून निघून गेले. त्यांनी नमस्कार केला नसता तर बरं झालं असतं.

सरांनी वर्ग बंद केला नाही. दुसऱ्याच वर्षी एका मुलाचा नंबर लागला. त्याच्या बापाने पेढे आणले. सरांनी आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला, संध्याकाळी खिशाला डाग पडलेला दिसला. वर्ग तसाच चालू होता, पण भिंतीपलीकडून ऐकताना मला वेगळं वाटू लागलं, आणि काय वेगळं आहे ते कळायला काही दिवस गेले. चमचा वाजत नव्हता. आता प्रत्येक मुलाला एक फूटपट्टी आणावी लागे, उत्तरपत्रिकेवर ओळीखाली धरून एकेक ओळ खाली न्यायची. सर बाकांमधून फिरत आणि पट्टी सरळ आहे की नाही एवढंच बघत. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. माणूस तसा ठीक होता. डबा खायचा, वर्ग घ्यायचा, अगरबत्तीने भोकं पाडायचा. मात्र पुठ्ठा ठेवण्याआधी आता उत्तरपत्रिकेची शेवटची ओळ बघायचा.

मध्यंतरी कोमलचं असं झालं, की ती घरी राहून बाहेरून बी.ए. करू लागली आणि शेलूबाजारच्या स्टँडला लागून असलेल्या कृषी केंद्रात कामाला लागली. बियाणं, फवारणीची औषधं, खतं. मी जीपची वाट बघत उभी राहिले की ती काउंटरवर दिसायची. हळूहळू सगळं दुकान तिच्याच हातात आलं. तिची एक पद्धत होती. समोरच्या गिऱ्हाइकाचं पुरतं आटोपल्याशिवाय ती दुसऱ्याकडे बघायची नाही, मग तो कितीही घाईत असो, कितीही मोठा शेतकरी असो. कोणी हाक मारली तर, "आधी यायचं होऊ द्या." दुकानमालक सुरुवातीला चिडायचा, नंतर त्याने नाद सोडला, कारण तिच्या हातून कधी चुकीची बाटली गेली नाही.

सर तिकडे फिरकायचे नाहीत. स्टँडवर जायला तोच रस्ता, पण ते हायवेच्या पलीकडच्या अंगाने जायचे. मला हे दिसायचं. मी कधी बोलले नाही, आणि ते बोलू देणारे नव्हतेच.

ते सेवानिवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी भाषणं केली, सर बोलायला उठले, माइक हातात धरून, "सगळ्यांले लय धन्यवाद," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. त्यानंतर काही महिन्यांनी शोभाताई बाजारात भेटल्या. हातात पिशवी, चेहऱ्यावर नेहमीचं हसू.

"काय करतात सर आता?" मी विचारलं.

"बी आनतेत."

"कसलं?"

"मेथीचं, पालकाचं, कोथिंबिरीचं. दर बाजारी एक पुडी. वावर भावाले देऊन टाकलं, घराले आंगन नाई, कुंडी ठेवाले गच्ची नाई. डबा भरला पुड्यायनं. फोडत बी नाईत अन् फेकू बी देत नाईत. म्हनलं हे काय चालवलं, तं म्हनतेत, राहू दे."

ते बी कुठून येत असेल हे मला त्याच क्षणी समजलं. त्यांना न सांगता मी जीपकडे गेले.

पुढच्या बाजारी मी मुद्दाम लवकर निघाले आणि कृषी केंद्रात शिरले. गर्दी होती. सर माझ्या आधीपासून रांगेत उभे होते, पांढरा शर्ट, पूर्वी ज्या खिशात काळे पेन असायचे तो रिकामा. केस पार पिकलेले. मला पाहून त्यांनी मान हलवली. कोमल एका म्हाताऱ्याला औषधाचं प्रमाण समजावून सांगत होती, तिसऱ्यांदा, न चिडता. त्याचं झालं. मग तिने सरांकडे पाहिलं, न विचारता मागच्या खोक्यातून मेथीची पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. हे त्या दोघांचं दर बाजारचं असावं.

सरांनी पुडी उचलली नाही. काउंटरच्या कडेवर दोन्ही तळहात ठेवले, तसेच, त्या सोमवारी पुठ्ठ्यावर ठेवले होते तसे.

"कोमल, ते विहिरीचं काहून सोडलं व्हतं? येत नव्हतं काय?"

एवढ्या वर्षांनी, एवढ्या माणसांत. मागे एक जण फवारणीच्या पंपाचा नोझल वाजवत होता. कोणता प्रश्न, कोणती विहीर, असं तिने विचारलं नाही. तिने हातातलं कापड काउंटरवर ठेवलं.

"येत व्हतं सर," ती म्हणाली. "पन त्याच्यात दगड पडाचा वेळ वेगळा काढा लागत व्हता अन् आवाज वर याचा वेगळा. मिनटाच्या वर गेलं असतं. तुमी म्हनले होते, मिनटाच्या वर गेलं तं सोड."

सर तिच्याकडे बघत होते. तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. औषधाचं प्रमाण सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं. मला वाटलं ते आता माफी मागतील. निदान मान खाली घालतील.

"बरोबर केलं तू," सर म्हणाले.

"हो सर."

त्यांनी हात उचलले, मागच्या माणसाला वाट दिली आणि पायऱ्या उतरले. जीपवाले ओरडत होते, वाशिम, वाशिम. त्या गर्दीतून ते या अंगाने, दुकानाच्या बाजूनेच, रिकाम्या हातांनी घराकडे चालत गेले, ना घाई, ना थांबणं. हायवेच्या वळणावर पांढरा शर्ट काही वेळ दिसला आणि मग ट्रकच्या आड गेला. मी त्यांना पाहिलेलं ते शेवटचं.

"सर पुडी विसरले," मी म्हटलं.

कोमलने पुडीकडे पाहिलं. मग ती उचलून मागच्या खोक्यात होती तिथे परत लावली.

"इसरले नाईत मॅडम," ती म्हणाली. "सांगा, तुमाले काय पाह्यजे?"